मुखरूजींची सासुरवाडी

भर जंगलात, सागाशिवाय काही दिसत नाही अशा ठिकाणी, मुखरूजींनी एकदा हात आडवा करून मला थांबवलं. "बाजूले व्हा बाई. बाजारपेठेच्या मधातून काऊन चालून राह्यल्या?"

मी बाजूला झाले. पहिल्या खेपेला वाद घातला असता, पण ही कितवी तरी खेप होती आणि वाद घातला की ते दुकानांची नावं सांगू लागत.

मुखरूजी म्हणजे गडचिरोलीचे आमचे शेजारी. धंद्याने शिंपी. गळ्यात कायम मापाची टेप. हात चांगला, पण कापड वेळेवर देणं त्यांना कधी जमलं नाही, कारण सगळा जीव जंगलात हरवलेल्या गावांवर. माझी एक चोळी दिवाळीला मिळायची ती संक्रांतीला मिळाली. मी रागावले तर म्हणाले, "चोळी कुठी पळून जाते? गाव मात्र दर पावसाळ्यात आणखी खाली जाऊन राह्यलं."

आमच्याकडे ओसाड पडलेल्या गावाला रीठ म्हणतात. साथ आली, तलाव फुटला, वाघ मातला, की माणसं उठून जात आणि थोड्याच वर्षांत बांबू सगळं गाव झाकून टाकी. अशी गावं शोधायची मुखरूजींची रीत सोपी होती. चिंच शोधायची. "चिंच जंगलात आपल्या मनानं येत नाई बाई. कोणीतरी जेवलं, चिचोका फेकला, तवा ती उगवली." चिंच दिसली की ते टेप काढत आणि जोत्याचे दगड मोजू लागत. निकालही शिंप्याचाच. "देवळाची छाती भरदार हाये. वाडा मात्र कमरेत ढिला."

रविवारी आमची बैलबंडी निघे. आमचे हे जंगलखात्यात कारकून. आठवडाभर कागदावर जंगल पाहिल्यावर रविवारी खरं पाहायची त्यांना हौस नव्हती, ते बंडीतच झोपत. सामानाची यादी माझ्याकडे: पाणी, दोर, कोयता, गूळ, टिंक्चर, जादा धोतर. मुखरूजी टेप आणि पानाचा बटवा एवढंच आणत आणि दुपारपर्यंत माझ्या यादीतलं सगळं वापरून टाकत.

एकदा त्यांना मोठी सपाट जागा सापडली. दगड कडेला रचलेले, मध्ये झाडाचं नाव नाही. ते आनंदाने मधोमध जाऊन उभे राहिले. "दरबार, बाई! इथी राजा बसे. तिकडं हत्ती." टेप पुरेना म्हणून माझा दोर घेतला. ते मोजत असताना मला गवतात कुजलेल्या तेंदूच्या पानांचं एक पुडकं सापडलं, दोरीसकट. मागल्या उन्हाळ्यात ठेकेदाराने पानं वाळवायला साफ केलेली जागा होती ती. मी पुडकं त्यांच्या हातात ठेवलं.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे दोर गुंडाळला. "मंग राजा नसन. मुनीम असन. बसत तर होता ना कोणी?"

पण हा सगळा सराव होता. त्यांना खरं हवं होतं एकच गाव, पळसबोडी. ते त्यांच्या बायकोचं माहेर.

भागीरथीबाई लहान असताना मानमोडीच्या तापाच्या साथीत ते गाव उठलं. आई-बाप तिथेच गेले. आत्याने तिला उचलून वडशाकडे आणलं, वाढवलं, लग्न लावलं आणि लवकरच तीही गेली. गाव नेमकं कुठे, हे सांगायला कोणी उरलं नाही. भागीरथीबाईला एकच आठवत होतं: तलावाच्या काठचा सपाट खडक आणि त्यात ओळीने कोरलेली उखळं. बाया तिथे धान कांडत, आणि पावसाळ्यात त्यांत पाणी साचलं की ती पाय बुडवून बसे.

दिवाळी झाली की गल्लीतल्या सुना माहेरी जात. भागीरथीबाई त्यांच्या तुळशींना पाणी घाली. एकदा विहिरीवर भांडण झालं तेव्हा एक बाई तिला म्हणाली, "तुह्या माहेरी कोण हाये? अस्वल!" ते मुखरूजींच्या कानावर गेलं. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते पळसबोडीचं वर्णन ऐकवू लागले. आधी गावाला मोठा बाजार होता. मग वेस आली, मग किल्ला. एके दिवशी हत्ती आले.

आतून भागीरथीबाईचा आवाज आला, "हत्ती कालपावतो नव्हते जी. आज कुठून आणले?"

"शहर म्हटलं का हत्ती राहतेच."

"येवढ्या मोठ्या शहरातली पोरगी, मंग शिंप्याले काऊन देली?"

मुखरूजी मशीन जोरात चालवू लागले.

त्याच सुमारास आमचा चांदा जिल्हा एका राज्यातून दुसऱ्यात गेला. गावात चर्चाच चर्चा. मुखरूजींनी ह्यांना एवढंच विचारलं, "साहेब, मंग पळसबोडी आता कोणाकडं लागते?"

एका माघातल्या रविवारी ती सापडली. एका जुन्या तलावाची पाळ, म्हणजे बांध, फुटलेली होती; तिच्यापलीकडे त्यांना चिंच दिसली. ते तिकडे गेले, मी पाण्याची जागा पाहायला खाली उतरले, आणि पायाखालचा पाचोळा एकदम खचला. गुडघ्याला खरचटलं. पाहते तर खडकात गोल खड्डा. शेजारी दुसरा. मी पाचोळा बाजूला केला तशी ओळच निघाली.

मुखरूजी धावत आले. गुडघ्यावर बसून त्यांनी एक उखळ हाताने स्वच्छ केलं, आतली माती नखाने काढली. मग उठून शहर शोधायला गेले. मी टिंक्चर लावून होईपर्यंत परतही आले. पाच-सहा घरांची जोती होती. बाजार नाही, वेस नाही. शेणामातीची घरं, तीही विरघळलेली.

ते खडकावर बसले. "बाई, तिले काय सांगू? मी तं हत्ती सांगून बसलो."

"काही सांगू नका. पुढच्या रविवारी तिलाच आणू," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी भागीरथीबाई नवं लुगडं नेसून बंडीत बसली. मुखरूजी घोंगडी पांघरून मागे चालत होते. मी ठरवून पाण्याची घागर आणि हातरुमाल जवळ ठेवला होता. ती रडेल असा माझा अंदाज.

ती खडकावर बसली. एका उखळात पाय घालून पाहिला. पाऊल आता पुरतं मावेना. मग तिने सगळ्या जोत्यांवरून नजर फिरवली.

"येवढुसंच होतं?" ती म्हणाली. "बरं हाये. मोठं असतं तं झाडझूड कराले कोण पुरलं असतं?"

आणि पदर खोचून, पळसाची फांदी मोडून, ती एक जोतं झाडायला लागली. कोणाचं घर, तिलाही ठाऊक नव्हतं. झाडता झाडता तिने विचारलं, "हे कुठी गेले?"

मुखरूजी आलेच नव्हते. ते पाळीच्या पलीकडे उभे होते. घोंगडी बंडीत टाकलेली, आणि अंगात काळा कोट. इतक्या वर्षांत तो मी कधी पाहिला नव्हता. शिवण त्यांचीच, पण कोट जुना. घड्या पक्क्या बसलेल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास दुरूनच येत होता. उन्हात घाम गळत होता, तरी गळ्यापर्यंत गुंड्या लावून ते ताठ उभे.

मी जवळ गेले. "काय झालं? चला ना."

"असा कसा येऊ बाई?" ते हळूच म्हणाले. "सासुरवाडीले पहिल्यांदाच आलो. जवाई माणूस. कोणी तं बलावाले आलं पायजे ना शिवेवर?"

मी परत येऊन भागीरथीबाईला सांगितलं. ती मोठ्याने हसली. हसता हसता थांबली. मग हातातली फांदी खाली ठेवली, खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला, माझ्या सामानातला तांब्या घागरीत बुडवून भरला आणि पाळ चढून गेली.

तिने वाकून त्यांच्या पायांवर पाणी घातलं. दोघांपैकी कोणीच हसलं नाही.

"या जी," ती म्हणाली. "सारे तुमचीच वाट पाहून राह्यले."

मुखरूजींनी कोट नीट खाली ओढला आणि नव्या जावयासारखी मान खाली घालून ते तिच्यामागून गावात गेले.