सात निळे पाहुणे

आधीच सांगून ठेवते, फुलांच्या आंघोळीत पेरूतल्या उकायाली नदीच्या काठाला माझा हात धरणारं कुणी नाही. अकरा वर्षं मी देल्मिरामावशीच्या उपचार केंद्रात नुसते युकाचे कंद सोलले. मावशी आमची मोठी वैदू. रात्री ती पाहुण्यांना वेलीचा कडू काढा पाजते, गाणी म्हणते. सकाळी त्यांच्या अंगावर पानाफुलांचं पाणी घालायचं काम मात्र भरवशाच्या बाईचं. तीन महिन्यांपूर्वी ते माझ्याकडे आलं.

"नोएमी, एक चूक, की परत युका," मावशी म्हणाली.

"मावशी, डोळे मिटून करीन."

"उघडे ठेवून कर, तेवढं पुरे."

आता माझ्या केसांचं सांगते. वय बावन्न, केस काळेभोर. आमच्या घराण्यात केस पिकतच नाहीत, असं मी फिदेन्सिओला सांगितलंय. फिदेन्सिओ आमचा नाववाला. दर शनिवारी पाहुण्यांना पुकाल्पा शहरात पोचवतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली, स्वभावाने गरीब, आणि मला पाहिलं की उगाच नावेचं इंजिन पुसत बसतो. आता खरं सांगायचं तर आमच्या घराण्यात नुसतं हुइतोचं झाड आहे. हिरवं फळ किसायचं, पिळायचं, पाण्यात कालवून डोक्याला लावायचं. लावताना ते साधं पाणीच वाटतं. दुपारपर्यंत काळं होतं, आणि मग पंधरा दिवस कुणाच्या बापाला निघत नाही.

तर त्या गुरुवारी सकाळी माझ्या भांगात दोन बोटं पांढरं दिसत होतं, आणि नाक सर्दीने गच्च. न्हाणीजवळ दोन पातेली होती. एकात गाळलेलं फुलांचं पाणी, दुसऱ्यात माझं हुइतो. एवढ्यात नदीवरून फिदेन्सिओच्या इंजिनाची टकटक ऐकू आली. मासे घेऊन आला होता मेला, दोन दिवस आधीच! त्याने हुइतो पाहिलं असतं तर घराण्याची अब्रू गेली असती. मी डोक्याला फडकं गुंडाळलं, दोन्ही पातेली छपराखाली सरकवली, वर केळीची पानं झाकली. तो तासभर मासे मोजत बसला आणि गेला.

मग मी पान उचललं आणि आंघोळी सुरू केल्या.

सात पाहुणे बाकावर ओळीने बसलेले. त्यांत हालवार नावाचा नॉर्वेचा तरुण होता, सोललेल्या युकासारखा पांढरा. रविवारी लिमात त्याचं लग्न. नवरी लिमाची, सासूला जावई नापसंत. "पोरगा फिकट आहे," असं तिचं म्हणणं. बिचारा लग्नाआधी मनातली धास्ती घालवायला आला होता. त्याच्या डोक्यावर मी दोन तुंबे जास्तच ओतले. कौतुकानेच हो.

"अंग पुसायचं नाही," मी सगळ्यांना बजावलं. "उन्हात वाळवायचं. उद्यापर्यंत साबण लावायचा नाही." नियमच आहे तो. एकाने टॉवेल घेतला, तो मी हिसकावून घेतला.

त्यानंतर आडोशाला जाऊन दुसरं पातेलं माझ्या केसांवर रिकामं केलं, पुन्हा फडकं गुंडाळलं आणि निवांत बसले.

जेवणाच्या वेळी हालवारचे कान राखाडी दिसले. म्हटलं, सावली असेल. तीन वाजता सातही जण निळे होते. हालवारच्या तोंडावर तर ठिगळं पडली होती, एक गाल निळा, एक पांढरा, नाकावर काळा ओघळ. मी माझे हात पाहिले. कोपरापर्यंत वांग्यासारखे.

एक कॅनडाची बाई माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. "नोएमी, आतलं सगळं बाहेर येतंय ना? चाळीस वर्षांचं साठलेलं!"

एवढं आयतं उत्तर देवानेसुद्धा दिलं नसतं. मी गंभीरपणे मान डोलावली. "येतंय खरं. तुमचं जरा जास्तच होतं."

"कशाचं जास्त होतं?" मागून मावशीचा आवाज. तिने बाईचा हात नाकाशी नेला. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या डोक्याजवळ वाकून वास घेतला. "डोक्याला मोगऱ्याच्या बागेसारखा घमघमाट, आणि पाहुण्यांना हुइतो. सांग त्यांना."

"मावशी, त्यांना बरं वाटतंय..."

"खोट्याने बरं करायला मी वैदू झाले नाही. सांग."

सांगितलं. भांगावरचं फडकं काढून, सगळं सांगितलं. कॅनडाच्या बाईचा इतका हिरमोड झाला की मलाच वाईट वाटलं. हालवारने फक्त विचारलं, "किती दिवस?"

"पंधरा."

तो खाली बसला. "तिची आई लग्न मोडेल," एवढंच म्हणाला. माझी युका गेली खड्ड्यात, त्या पोराचं लग्न माझ्या भांगापायी मोडणार होतं.

मावशी त्याच्यासमोर बसली. पातेल्याच्या तळाशी हुइतो उरलं होतं, त्यात तिने बांबूची काडी बुडवली. "डाग पडला म्हणून आम्ही कापड टाकत नाही," ती म्हणाली. "त्यावर नक्षी भरतो. हलू नकोस."

हळू आवाजात गुणगुणत तिने एका डागापासून दुसऱ्या डागापर्यंत रेघ नेली. वळवली, दुमडली, कानापर्यंत नेऊन परत आणली. रेघा दिसायला संध्याकाळ झाली. तेव्हा त्याच्या तोंडावर ठिगळं नव्हती, आमच्या घागरीवर असते तशी नक्षी होती, आणि तो इतका देखणा दिसत होता की मी बघतच राहिले. उरलेले सहाजण तोंड पुढे करून रांगेत उभे.

शुक्रवारी टेकाडावर चढून, जिथे फोन लागतो तिथून, त्याने नवरीला तोंड दाखवलं. माझा जीव टांगणीला.

"रविवारपर्यंत जाईल?" तिने विचारलं.

"नाही," मी मागून ओरडले. "चूक माझी आहे बाई!"

"बरं झालं," ती म्हणाली आणि हसत सुटली. "आई, ये बघ! आता नाही ना फिकट?"

आई बोलली ते ऐकू आलं नाही. पण हालवारने मला उचलून गरगर फिरवलं. मी जागच्या जागी रडले, लपवत नाही.

शनिवारी फिदेन्सिओ आला. सात निळे, नक्षीदार पाहुणे एकेक करून नावेत चढले. त्याने प्रत्येकाला हात दिला. शेवटी माझ्याजवळ आला. मी उघड्या डोक्याने पुन्हा युका सोलत बसले होते. लपवायला उरलं होतं काय?

"केसांना वास छान येतोय," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मग माझ्या पांढऱ्या भांगाकडे बघून म्हणाला, "पण नोएमी, दर पंधरवड्याला लावतेस ना? या वेळी सगळ्यांना लावलंस, आणि तूच तेवढी राहिलीस?"

म्हणजे त्याला माहीत होतं. किती वर्षांपासून, ते मी विचारलं नाही. मान खाली घातली आणि काळ्या हातांनी पुढची युका सोलायला घेतली.