हसरा फोटो अनिवार्य

जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात संक्षिप्त मानसोपचार सेवा सुरू झाली. दुःखी माणसाचं थोडक्यात ऐकायचं आणि त्याला बरं करून घरी पाठवायचं, असं तिचं स्वरूप होतं. आढावा बैठकीत जिल्ह्याच्या साहेबांनी विचारलं, "बरा झाला कशावरून?" तेव्हा समाजाच्या बदलत्या गरजा लक्षात घेऊन पद्धत सुधारण्यात आली. उपचाराअंती रुग्णाचा हसरा फोटो अ‍ॅपवर चढवणं अनिवार्य झालं. समाजाची गरज त्याच बैठकीत, चहाच्या आधी बदलली.

नेमक्या तेव्हाच जनकाबाई आल्या. त्यांची लेक रुपा सासरच्या विहिरीत सापडली होती. पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं आणि गावानं ते मान्यही केलं. पोलीस ठाण्यात जायचं तर जनकाबाईंच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आधी इथं मन मोकळं करा, मग तिथं बोलता येईल, असं त्यांना कुणीतरी सुचवलं होतं.

"मॅडम, माझ्या रुपाचा पाय घसरला न्हाई. तिला लई तकलीफ होती. आदल्या दिवशी..."

"थांबा बाई," समुपदेशक प्रतीक्षा मॅडम म्हणाल्या. "बोलताना चेहरा पडतोय तुमचा. आधी फोटो घेऊ."

अ‍ॅपनं फोटो नाकारला. दात दिसत नव्हते. दुसरा नाकारला, डोळे ओले होते. वैद्यकीय अधिकारी धावून आले. ऐकून घेतलं की रुग्ण रडतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. म्हणून ऐकणं वगळून हसण्याचा सराव सुरू झाला. एवढा कोडगेपणा उपजत नसतो, त्यासाठी प्रशिक्षण लागतं. ते सर्वांचं झालेलं होतं.

"काहून हसू, साहेब?"

"बऱ्या झालात म्हणून."

"मी तर अजून काही सांगितलंच न्हाई."

"न सांगता बऱ्या झालात. यालाच संक्षिप्त म्हणतात."

जनकाबाईंनी एकदाचे ओठ ताणले. अ‍ॅपनं हिरवी खूण दिली. "आता बोलू?" त्यांनी विचारलं. पण बऱ्या झालेल्या रुग्णाशी बोलल्यास आजार उलटल्याची नोंद होत असे. मॅडमनी त्यांना हात धरून दारापर्यंत सोडलं.

सेवेचं यश म्हणून फोटो समाजमाध्यमांवर जिल्हाभर फिरला. रुपाच्या सासऱ्यानं तो छापून घेतला. जनकाबाई शेवटी हिय्या करून ठाण्यात गेल्या, तेव्हा तो फोटो त्यांच्या आधी टेबलावर पोचला होता.

"बाई, तुमी तर खुशीत दिसून राहिल्या," जमादार म्हणाले. "मग तक्रार कशाची?"

प्रकरण बंद झालं. त्या फोटोखाली तुम्ही हात जोडून 'हार्दिक अभिनंदन, ताई' असं लिहिलं होतं ना? आईची तक्रार नसल्याचा पुरावा म्हणून तेही जोडलेलं आहे.