बदकनौकेची मोहीम आणि पुसणीशीची सनद

प्रथम वंदन त्या तांबड्या बटणास, की जे दाबले गेले नसते तर ही मोहीम जाहली नसती, आणि मोहीम जाहली नसती तर हा कागद सुखाने पुडी बांधण्यास गेला असता. थोरांच्या घरी मुलूख बुडतात, गाद्या उलथतात, मग बखरी होतात. आमचे या घराण्यात एक व्हिडिओ कॅसेट पुसली गेली, सबब बखर तिचीच लिहिणे प्राप्त आहे.

घराणे तीन असामींचे. मातोश्रीसाहेब सर्वाधिकारी, ज्यांचा हुकूम स्वयंपाकघरात सुटे आणि गच्चीपर्यंत ऐकू जाई. थोरल्या कन्या श्रीमंत ताईसाहेब, दंतवैद्य, परगावी स्वतःचा दवाखाना थाटून लोकांच्या जबड्यांत एकहाती अंमल चालविणाऱ्या. आणि धाकटे चिरंजीव राजश्री पुसणीस. पुसणीस हे आडनाव नव्हे. दरबारात फडणीस असतो, चिटणीस असतो, पोतनीस असतो, तैसा या घरी पुसणीस होता, आणि हा हुद्दा त्यास वयाच्या आठव्या वर्षी मिळाला, तो ऐसा.

अठरा वर्षांमागे परमुलखीचा एक चित्रपट टीव्हीवर लागला, आणि सर्व मंडळी बाहेरगावी जाणार म्हणोन यंत्रास रेकॉर्डिंगचा हुकूम देऊन गेली, आणि परत येऊन पाहावयास बसली, तो शेवट अकरा मिनिटांवर असता काकासाहेब आगंतुक येऊन दाखल जाहले. चित्रपट थांबविला, चहा मांडिला, आणि त्या अवकाशात चिरंजीवांनी, काय होते ते पाहावे या शास्त्रीय हेतूने, तांबडे बटण दाबिले. काकासाहेब गेल्यावर मंडळी पुन्हा बैठकीस बसली, नायिकेने बोटीच्या फळीवर डावा पाय ठेविला, लाल स्कार्फ वाऱ्यावर फडकला, आणि पडद्यावर एक गृहस्थ बादली घेऊन प्रकटले व म्हणाले की, "शेतकरी बंधूंनो, गांडूळ हा आपला मित्र आहे." पुढे अकरा मिनिटे गांडूळच. मग पडद्यावर मुंग्या.

ताईसाहेब तेव्हा तेरा वर्षांच्या. त्या चार दिवस रडल्या आणि पाचव्या दिवशी त्यांनी धाकट्यास पुसणीस ही पदवी बहाल केली, ती मातोश्रींनी उचलली, शेजाऱ्यांनी उचलली, आणि शाळेच्या मास्तरांनीही हजेरीत दोन वेळ उच्चारली.

चित्रपटाची हकिगत थोडकी. एका बंदराच्या गावी एक मुलगी असे, तिला पाण्यापलीकडे नकाशे काढण्याची नोकरी लागते, आणि सारे गाव तिला जाऊ नको म्हणून समजावते. पावणेदोन तास समजावते. मग ती धक्क्यावर येते, फळीवर पाय ठेविते, आणि गांडूळ. ताईसाहेब हे दर रविवारी पाहत, गांडुळांसकट पाहत, आणि मातोश्रींनी तर त्या बोधाने गच्चीत एक पिंप गांडूळखताचे सिद्ध केले. पाच वर्षांनी ताईसाहेब परगावी दंतविद्या शिकू म्हणाल्या, तेव्हा काकासाहेबांनी मोर्चा आणिला की, "एकटी पोरगी परक्या गावात राहणार? आणि लोकांचे दात उपटणार?" त्यावर मातोश्रींनी एकच तोफ डागिली की, "ती नाही का गेली बोटीत बसून? तशी आमची जाईल." काकासाहेबांनी तीन वेळ विचारिले की कोण ती. ताईसाहेब गेल्या.

पुसणीसही थोर जाहले आणि लोकांच्या फोनांतील व संगणकांतील पुसलेला ऐवज परत आणून देण्याच्या दुकानी चाकरीस लागले. कोणाचे मुंजीचे फोटो, कोणाचा प्रबंध, सर्व आणिले. ती एक कॅसेट मात्र आणवेना. बरे, चित्रपट अन्यत्र मिळत नव्हता ऐसे नाही. पुसणिसांनी कैक वेळ अर्ज केला की, "ताई, फोनवर दोन मिनिटांत लागेल." हुकूम होई की, "लागू दे. मी बघणार नाही. शेवट बघेन तर त्या धक्क्यावर उभी राहूनच." हट्ट हाच या घराण्याचा मूळ पुरुष होय.

ऐशी अठरा वर्षे लोटली आणि ताईसाहेबांस शनिवार-रविवारची सवड जाहली, आणि तह ठरला तो ऐसा: पुसणिसांनी स्वारीबरोबर परमुलखी यावे, धक्क्यावर ताईसाहेब लाल स्कार्फ बांधून बोटीत बसतील, तेथून पुढे अकरा मिनिटे चित्रण करावे, एक सेकंद उणा नको, आणि ते गांडुळांच्या जागी जोडावे. येणेप्रमाणे जाहलियास, "तुझं नाव सोडते. आईसमोर सोडते." पुसणिसांचे डोळ्यांस पाणी आले. सव्वीस वर्षांच्या पुरुषास लग्नपत्रिकांवर पुसणीस म्हणून आमंत्रण येते, हे दुःख भोगल्याशिवाय कळत नाही. मातोश्रींनीही निघतेसमयी फर्माविले की, "तिकडे खरा शेवट कुठे मिळाला तर तो पण घेऊन या रे. मला एकदा बघू दे तिला जाताना."

मग शनिवारी प्रातःकाळी कूच जाहले. विमानतळी पहारेकऱ्यांनी ताईसाहेबांच्या पिशवीतून दात तपासण्याचा आरसा काढिला आणि हे कोणते हत्यार ऐसे पुसले, तेव्हा ताईसाहेबांनी पहारेकऱ्यास तोंड उघडण्यास सांगितले, आणि त्याने ते उघडिले, आणि दाढेत कीड असल्याची वर्दी देऊन स्वारी पुढे गेली. आरसा परत मिळाला.

परमुलखी पोहोचताच एक वाटाड्या भेटला, ज्याचे हाती पिवळी छत्री होती, आणि त्याचेमागे चित्रपटाच्या भक्तांची पंचवीस जणांची फौज होती. ऐशी फौज ईश्वर कोणास न देवो. सर्वांचे गळ्यात भाड्याचे लाल स्कार्फ, त्यांत सात दाढीवाले. वाटाड्या एका दाराशी थांबे व म्हणे, हे नायिकेचे दार, आणि पंचवीस जण दारास टेकून पंचवीस वेळ उदास होत, आणि आतून त्या घरची बाई कचरा टाकावयास येई, ती खोळंबे. मग एक दिव्याचा खांब. खांब चित्रपटात दीड सेकंद होता. त्यास एका दाढीवाल्याने मिठी मारिली आणि सोडीना.

अखेर वाटाड्याने जाहीर केले की, उद्या मोहिमेचा कळस, उद्या लाँड्री! फौजेने जयघोष केला. ताईसाहेबांच्या कपाळी आठी पडली आणि खलबत जाहले की, "लाँड्री होती का रे पिक्चरमध्ये?"

"होती की. तो शिंकणारा माणूस नाही का? दोनदा येतो, दोनदा शिंकतो."

"मग तिथे काय बघायचं, शिंक? आणि धक्का? धक्का कधी दाखवणार? विचार त्याला."

वाटाड्यास पुसले, तेव्हा तो अचंबित जाहला आणि सांगू लागला की, धक्क्यावर कोणी जात नाही, कारण शेवटी ती... इतके बोलतो तो ताईसाहेबांनी दोन्ही कान दाबून मोठ्याने दातांची नावे म्हणावयास आरंभ केला, सुळे, दाढा, अक्कलदाढा, आणि वाटाड्या दचकून दुसऱ्या खांबाकडे गेला. मग ताईसाहेबांनी फौजेकडे पाहून निकाल दिला की, "मूर्ख आहेत सगळे. आख्खा पिक्चर बघतात आणि लाँड्रीला जातात."

रविवारी न्याहारी करून दोघेच धक्क्यावर चालून गेले. तेथे चिटपाखरू नव्हते, याचा ताईसाहेबांस अभिमान वाटला. फळी होती, तीच होती, परंतु मोठी बोट कधीच भंगारात गेली होती आणि तिचे जागी पायाने वल्हवावयाच्या बदकाकार नौकांचे आरमार उभे होते, सर्व बदके पांढरी, चोची नारिंगी. आरमाराचा सुभेदार खुर्चीत पेंगत होता. पुसणिसांनी हळूच विनंती केली की, "ताई, हे बदक आहे." हुकूम आला की, "दिसतंय मला. हसलास तर बघ."

मग ताईसाहेबांनी लाल स्कार्फ बांधिला, डावा पाय फळीवर ठेविला, आणि तेथे क्षणभर थांबल्या, जेथे अठरा वर्षे थांबल्या होत्या, आणि उजवा पाय उचलून बदकात बसल्या. नौका जागची हलेना, म्हणोन पुसणिसांनी एका हाती फोन उंच धरून दुसऱ्या हाताने बदकाचे शेपटास रेटा दिला, तो नौका सुटली आणि पुसणीस गुडघ्याइतक्या पाण्यात उतरले, परंतु चित्रण सोडिले नाही. बदकाने प्रथम जागच्या जागी तीन प्रदक्षिणा केल्या. ताईसाहेबांचे शब्द पाण्यावरून स्पष्ट ऐकू आले, ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. मग सुकाणू वळले आणि बदक सरळ दूर जात राहिले, आणि धुक्यात लाल ठिपका तेवढा दिसू लागला. अकरा मिनिटे दोन सेकंद. फत्ते जाहली ऐसे पुसणिसांनी मानिले, हीच त्यांची चूक.

स्वारी परतल्यावर ताईसाहेबांनी बंधूंचे बूट पाहिले आणि फर्माविले की, "असा विमानात बसणार आहेस? चल, कुठेतरी वाळव." त्या गावी कपडे वाळविण्याचे यंत्र एकाच ठिकाणी होते. सबब, ज्या लाँड्रीस तुच्छ लेखून मोहीम निघाली, तिच्याच दारी पुसणीस अनवाणी, मोजे हाती घेऊन, हजर जाहले.

आत पंचवीस जणांची फौज उभी. मोजे यंत्रात घातले, पावती मिळाली, आणि समोरच्या भिंतीवर एक पडदा होता, त्यावर चित्रपटाची शेवटची अकरा मिनिटे दिवसभर फिरून फिरून लावीत. ताईसाहेब कान दाबतील तोवर डोळ्यांनी पाहून घेतले. पुसणिसांनी मातोश्रींची आज्ञा स्मरून फोन उचलिला आणि चित्रण सुरू केले.

नायिकेने फळीवर डावा पाय ठेविला. मग काढिला. तिला आठवले की आपला कोट लाँड्रीत राहिला. ती धावत लाँड्रीत आली. शिंकणाऱ्याने पावती मागितली. पावती नव्हती. तो शिंकला. ती हसली. बाहेर बोटीचा भोंगा वाजला आणि तिने पाहिलेसुद्धा नाही. मग दोघांनी मिळून एका चादरीची घडी घालावयास घेतली आणि अकरांतली नऊ मिनिटे ती घडी चालली, चादर मोठी होती, आणि घडी पुरी होताच चित्रपट संपला. फौज ढसाढसा रडली. दाढीवाले एकमेकांस चादरी धरू लागले.

ताईसाहेब प्रथम उच्चारल्या की, "दात बघ त्याचे. वरचे दोन किडलेत." मागाहून, "कोट? कोटासाठी?" मग पुन्हा आरंभापासून लागले आणि नायिकेने पुन्हा पाय काढून घेतला, तेव्हा ताईसाहेब बाकावर बसल्या.

पुसणिसांस वाटले आता पदवी दुप्पट होणार. त्यांनी हळूच म्हटले की, "ताई, सॉरी."

"गप. मी तेरा वर्षांची होते रे. हे बघितलं असतं ना, तर काका आले तेव्हा आई काय बोलली असती? ती नाही का परत आली लाँड्रीत?" ऐसे बोलून पुढे म्हणाल्या की, "त्या वर्षी मुलगा आणला होता काकांनी, आठवतो? स्वतःचे रुमाल स्वतः इस्त्री करतो म्हणून कौतुक होतं त्याचं. मी घड्या घालत बसले असते."

यंत्र गरगरत होते, त्यात दोन मोजे एकमेकांचा पाठलाग करीत होते. मग ताईसाहेबांनी अठरा वर्षांचा निकाल दिला, तो ऐसा:

"बरं झालं पुसलंस."

आणि लागलीच दुसरा हुकूम सुटला की, "आत्ता शूटिंग केलंस ते?"

"आईसाठी."

"पूस."

पुसणिसांनी पुसले. आणि ज्याने उमर पुसलेले परत आणण्यात घालविली त्याने ऐसे पुसले की, कोणत्याही दुकानी, कोणत्याही विद्येने ते परत येऊ नये. ताईसाहेबांनी मोज्यांच्या पावतीमागे दस्तुरखुद्द सनद लिहून दिली की, पुसणीस हा हुद्दा आजपासून मानाचा, वंशपरंपरेने चालावा, कोणी हसेल तो घराण्याचा गुन्हेगार.

मग परतीच्या वाटेत विमानतळी बैठक घेऊन बदकाचे चित्रणातून प्रदक्षिणा व शिव्या वगळिल्या, आणि राहिले ते मातोश्रींकडे रवाना केले, वर लिहिले की, "मिळाला शेवट." विमान सुटण्याआधी मातोश्रींचा खलिता आला.

"पाहिलं. बोट फारच लहान गं. आणि तिला चोच का आहे?"

ताईसाहेबांनी उत्तर धाडिले की, "इकडे असतात तशा."

उत्तरास विलंब लागला. पुसणीस बोटे मोडीत बसले. ताईसाहेबांनी आरसा काढून उगाच स्वतःचे दात पाहिले. मग फोन थरथरला.

"असू दे. पण गेली बाई. मी तेव्हाच सांगितलं होतं काकांना."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली आणि नायिका बोटीत बसून पाण्यापलीकडे गेली, हे या बखरीने कायम केले असे. लाँड्रीविषयी यात जी पाने आहेत ती राजश्री पुसणीस यांचे स्वाधीन केली आहेत. ती कोणास वाचावयास मिळालीच, तर पुसणीस दुकानी कामात असतील ऐसे समजावे, आणि मातोश्रींस कळू देऊ नये.