साहेबांना मारलेला दगड

"आज पाऊस येणार," असं कुणी नुसतं म्हटलं तरी केरबा मास्तर चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "सबूत काय?" निजामाच्या काळात ते उर्दू शाळेत शिकले, पुढं मी शिकवायचो त्या मराठी शाळेत माझ्या शेजारचा वर्ग घ्यायला लागले. राज्य गेलं, पण हा सवाल काही गेला नाही.

गावाजवळच्या डोहावर उंबराच्या झाडात एक हुमा घुबड राहायचं. चांगलं थोरलं, पिवळ्या डोळ्यांचं. दिवस मावळला की काठावर उतरून मासे धरायचं. त्याचं 'हूऽऽम' ऐकून गाव चळचळा कापायचं. मास्तर मात्र त्याला 'साहेब' म्हणायचे. "साहेब खेकडे खातात रे, तुझं नशीब कशाला खातील?"

घुबडाला दगड मारला तर ते तो उचलून पाण्यात घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, असं आमच्याकडं मानतात. आपल्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची, ही भीती घालवायला मास्तरांनीच एकदा त्यांच्या हातात दगड दिला. "मार! बघू सबूत." वहिनींनी डोळे मिटून मारला. तो साहेबांना लागलाच नाही, डोहात पडला.

वर्षभरात वहिनी वाळत चालल्या. सोलापूरच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला, सुया सुरू केल्या. आणि आमचे सबूतवाले मास्तर रोज संध्याकाळी धोतर खोचून गुडघाभर पाण्यात दगड चाचपू लागले! गाव हसलं. खरं सांगतो, मीही हसलो. वहिनींनी मारलेला तो पांढऱ्या रेघेचा काळा दगड त्यांना झिजायच्या आत पाण्याबाहेर काढायचा होता. तसा दिसेल तो घरी आणून विचारायचे, "हाच का गं?"

"न्हाय ओ."

ऐन थंडीत एका संध्याकाळी मी बसलो असताना वहिनी म्हणाल्या, "व्हय, हाच." मास्तरांचा चेहरा असा काही उजळला! ते दगड देव्हाऱ्यात ठेवायला आत गेले, तशा वहिनी हळूच मला म्हणाल्या, "ह्यो न्हाय, भावजी. पण गार पाण्यात उभं राहून लई खोकत्यात ते. सांगू नका त्यांना."

पंधरा दिवसांत वहिनी गेल्या. तेराव्याची पंगत उठल्यावर मास्तरांनी मला आत बोलावलं. दगडावरून अंगठा फिरवत म्हणाले, "बघ, कुठंच झिजला न्हाय. मग ती कशी झिजली रे?"

"हाच सबूत, मास्तर," मी म्हटलं. "तुमच्या हातून काही झालं नाही."

त्या दिवशी त्यांनी उलट सवाल केला नाही. दगड मांडीवर ठेवून ढसाढसा रडले.