धुरपाबाई मार्गाचं काम चालू आहे

एका जंगलात, पोरांनो, वाटाच वाटा होत्या. कुणी बांधल्या म्हणून विचाराल, तर कुणीच नाही. ज्याला जिथं जायचं तिथं तो गेला. उद्या पुन्हा गेला. परवा त्याच्या मागून दुसरा गेला. झाली वाट. त्याला ना नारळ फुटला, ना भाषण झालं.

त्यातली सगळ्यात झकास वाट धुरपा रानडुकरिणीची. डबक्याच्या चिखलातून निघायची, बेहड्याखालून वळायची आणि खिंड चढून पलीकडच्या रानात उतरायची. तिकडं धुरपाची लेक मंजुळा दिली होती. लेकीकडं जाऊन जाऊन धुरपानं ती वाट पाडली. मग तिच्यावरून ससे जायला लागले, भेकरं जायला लागली. शेजारची यमनाक्का सायाळ काटे सावरत जायची. धुरपानं कुणाला नको म्हटलं नाही. वाट काय पदरात बांधून ठेवायची असते?

एक दिवस पिलाजीराव कोल्हा शेजारच्या राज्यातून परत आला. आल्या आल्या त्यानं वडाखाली सभा बोलावली.

"तिकडचे हत्ती वाटांसाठी ऊस देतायत," तो म्हणाला. "ढिगानं! पण सुट्या वाटेला नाही. सगळ्या वाटांचं जाळं पाहिजे. प्रादेशिक. बहुउपयोगी."

"बहुउपयोगी म्हणजे काय रं?" यमनाक्कानं विचारलं.

"सगळ्यांच्या उपयोगाचं."

झालं! वटवाघूळ म्हणालं, मग लटकायची सोय हवी. कासव म्हणालं, पावलापावलाला बसायला दगड हवा. बेडकाला वाट ओली हवी होती, सरड्याला उन्हात हवी होती. पिलाजीरावानं सगळ्यांना हो म्हटलं. हो म्हणायला ऊस लागत नाही.

मागं वाघ बसला होता. तो पंजा चाटत म्हणाला, "सगळे एकाच वाटेनं येणार-जाणार असतील, तर माझा पूर्ण पाठिंबा आहे."

सभेनं टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या! तुम्ही हसताय, पण तुम्हीही वाजवल्या असत्या.

"एकच अडचण आहे," पिलाजीराव म्हणाला. "हत्ती ऊस देतात तो वाट नसलेल्या जंगलाला. आणि आपल्याकडं ही धुरपाबाईंची वाट, लांबून दिसते. ती आधी बुजवायला लागेल."

"बुजवायची? कशाला?" धुरपा उठून उभी राहिली.

"नवी करायला."

"आहे की चांगली!"

"आहे म्हणून तर मिळत नाही ना, बाई. आणि नव्या वाटेला नाव तुमचंच. धुरपाबाई मार्ग. हा एवढा मोठा फलक लावू."

आता इथं कान द्या. पिलाजीरावानं जन्मात धुरपाला 'ए डुकरे' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. 'बाई' ऐकलं आणि ती विरघळली. त्या जंगलात मत द्यायचं ते शेपूट वर करून. सगळ्यात आधी वर गेलं ते धुरपाचं शेपूट.

"धुरपे, अक्कल चरायला सोडलीस का?" यमनाक्का कुजबुजली.

"तुझ्या नावाचा दगड तरी आहे का कुठं? जळतीस नुसती."

वाटेवर करवंदीच्या फांद्या पडल्या. हत्ती पाहणीला आले. "अरेरे, वाट नाहीच की," म्हणाले आणि समाधानानं गेले. ऊस आला. थोडा उद्घाटनात संपला. थोडा समितीच्या बैठकांत संपला. थोडा अभ्यासदौऱ्यात गेला, कारण समिती मुंग्यांची रांग बघायला गेली आणि नाकं सुजवून आली. राहिलं त्यात फलक बसला. 'धुरपाबाई मार्ग. काम चालू आहे. वळसा घालून जा.'

वळसा कुठून घालायचा ते लिहिलं नव्हतं. तेवढी जागा नव्हती.

धुरपाला वाचता येत नव्हतं. ती रोज एखादा ससा धरायची आणि फलक वाचून घ्यायची. "पुन्हा वाच. नाव तेवढं सावकाश वाच." फलकामागं घाणेरीची काटेरी झुडपं माजत होती, तिकडं बघायला बाईंना सवड नव्हती.

मग कावळा निरोप घेऊन आला. मंजुळाचे दिवस भरलेत. पहिलीच खेप. आईला लवकर बोलावलंय.

रानडुकरीण विण्याआधी गवताचं उबदार घरटं करते, पोरांनो. पहिल्या खेपेला ते आईनं शिकवायचं असतं. घरटं साधलं नाही, तर पिल्लं गारठून जातात.

धुरपा फलकापर्यंत धावली आणि थांबली. पुढं सगळं काटेरान. ती तशीच पिलाजीरावाकडं गेली. तो ऊस चघळत पडला होता.

"वाट मोकळी कर!"

"असं कसं, बाई? आत्ता कुणी चाललं तर वाट पडेल. वाट पडली की दुसरा हप्ता बुडाला."

"माझी लेक अडलीय रे!"

"तिला म्हणावं, दुसऱ्या टप्प्यापर्यंत थांब."

"तुझी आई थांबली होती का, मुडद्या?"

धुरपानं मान खाली घातली आणि एकच धडक दिली. पिलाजीराव उसासकट ओढ्यात पडला. दुसरी धडक फलकाला. मग फलकाला वळसा घालून, दुसऱ्याच अंगानं, नाक जमिनीला लावून ती रानात घुसली. मुळं उपटली, दगड लोटले, कान फाटला. सांज व्हायच्या आत ती लेकीपाशी पोचली.

मंजुळा ओल्या पाल्यावर कण्हत होती. आईचा अवतार बघून म्हणाली, "अगं, तुझ्या नावाचा रस्ता झाला ना? मग काट्यांतून कशाला आलीस?"

"गप. वाळलं गवत ओढ. ओलं नको."

पिल्लं झाली. सगळी उबेत जगली. आजी नातवंडं सोडून येईना आणि घर सोडून राहवेना. म्हणून ती येत-जात राहिली, फाटक्या कानानं, त्याच काट्यांतून. तिच्या मागून यमनाक्का गेली. ससे गेले. भेकरं गेली. पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको.

एका सकाळी पिलाजीराव तिथं उगवला. पायाखाली बघितलं आणि त्याचे डोळे पुन्हा चमकले.

"वा, धुरपाबाई! ही नवी वाट कुणाची?"

'बाई' हा शब्द धुरपाच्या फाटक्या कानात शिरला आणि भोकातून बाहेर पडला.

"वाट? कुठली वाट?" ती म्हणाली. "मी चुकलेय हो. केव्हाची भटकतेय."

"मी पण चुकले गं बाई," मागून यमनाक्का म्हणाली.

"आम्ही पण," ससे म्हणाले.

एकामागं एक, सरळ रांगेत, सगळं जंगल चुकलेलं होतं. पिलाजीराव हळहळला. एवढी जनता रस्ता चुकतेय! तो तडक हत्तींकडं गेला, दिशादर्शक फलकांसाठी ऊस मागायला.

ते जंगल अजून रोज न विसरता त्याच ठिकाणी चुकतं. वाघ तेवढा धुरपाबाई मार्गाच्या तोंडाशी काम पुरं व्हायची वाट बघत बसलाय. पार वाळलाय बिचारा.

तात्पर्य: चूक झाली तर कबूल करावी, असं शाळेत शिकवतात. पण चूक झाली नसतानाच कबूल करावी. वाट शाबूत राहते.