तीन मजली बोंबील

वरून पाहणाऱ्याला सगळं दिसतं, या श्रद्धेवर जग चाललेलं आहे. पूर्वी हे काम एकट्या देवाकडे होतं. त्याच्यावर ताण फार पडत असावा, कारण निकाल लागायला कधी कधी जन्म बदलावा लागे. आता ते काम भूमाहिती प्रणालीकडे आलं असून बिल महिनाभरात घरी येतं.

डहाणू रोड स्टेशनपासून रिक्षाने जाता येईल अशा एका किनाऱ्यावरच्या गावातली ही प्रगती आहे. गावाचं आणि कार्यालयाचं नाव घेत नाही. निंदा मी करत नाही. सोमवारी तर मुळीच नाही, आणि आज सोमवार आहे. पुढे जे लिहिलं आहे ते कौतुक समजावं.

प्रणालीची पद्धत सोपी आहे. ड्रोन वरून फोटो काढतो. संगणक त्यातली छपरं ओळखतो, उंचीवरून मजले ठरवतो आणि प्रत्येक छपराला मालमत्ता क्रमांक देतो. मध्ये माणूसच नाही, त्यामुळे वशिलाही नाही. पहिल्याच फेरीत भरघोस माहिती हाती आली. चिकूच्या वाड्यांत बांधलेली फार्महाऊसं: एकही नाही (चिकूची पालवी दाट असते, आणि प्रणाली झाडांचा मान राखते). शेततळी: बरीच, त्यांतली बहुतेक निळ्या टाइल्सची, काहींना उतरायला स्टीलची शिडी. आजवर कर चुकवत आलेली तीन मजली व्यापारी इमारत: एक. मालकीण, हंसाबाई.

हंसाबाईचा नवरा नारू बोटीवर जातो आणि ती बोंबील सुकवून विकते. त्यासाठी घरामागच्या वाळूत तिची वलांडी आहे. उभे खांब रोवायचे, त्यांना आडवे बांबू एकावर एक बांधायचे, आणि ओले बोंबील जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून त्यावर टांगायचे. ड्रोन आला त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. माल भिजू नये म्हणून हंसाबाईने वरून निळी ताडपत्री ओढली. प्रणालीने छप्पर पाहिलं, आडव्या बांबूंच्या रांगा मोजल्या आणि आपलं कर्तव्य केलं. हंसाबाईचं राहतं घर बदामाच्या झाडाखाली असल्याने त्याची नोंद ‘मोकळी जागा, एक वृक्ष’ अशी झाली.

नोटीस आली. इमारतीची परवानगी दाखवा, नाहीतर शुक्रवारी पाडू. बोंबलाचा हंगाम ऐन भरात. वलांडी गेली तर वर्षाची कमाई वाळूत सडणार.

जागेवर पडताळणीसाठी रूपेश आला. तलासरीचा मुलगा, एजन्सीत कंत्राटी, हातात टॅब. त्याने टॅब पाहिला, वलांडी पाहिली, पुन्हा टॅब पाहिला.

“मावशी, इथे इमारत आहे.”

“कुठंय? दाखव, आजच राहायला जाते,” हंसाबाई म्हणाली. “पावसामधी पाणी गळतंय माझ्या घरात.”

रूपेश सज्जन होता. त्याने सगळे पर्याय वाचून दाखवले: मालक हजर, मालक गैरहजर, दरवाजा बंद, प्रवेश नाकारला. ‘इमारतच नाही’ हा पर्याय नव्हता, कारण इमारत असल्याशिवाय पडताळणी निघत नाही. बराच विचार करून त्याने ‘दरवाजा बंद’ निवडलं आणि जाताना अर्धा किलो बोंबील नेले.

हंसाबाई कार्यालयात गेली. टेबलावर विपुलभाई होते. ते आवाज खाली करून म्हणाले, “हंसाबेन, मला दिसतंय हो. सुके बोंबील मी तुमच्याकडूनच घेतो. पण मला दिसून काय उपयोग? सिस्टिमला दिसलं पाहिजे ना.”

उपाय मात्र त्यांनीच सांगितला. दोन मालमत्ताधारकांनी लिहून द्यायचं की ही इमारत नसून बोंबील आहेत. खाली स्वतःच्या घराचा मालमत्ता क्रमांक टाकायचा. साक्षीदार विश्वासाचा आहे का हे कळावं, म्हणून त्याच्या घराची नव्याने मोजणी होते. आतून, टेप लावून.

इतका सोपा उपाय आणि इतकी सज्जन आळी. संध्याकाळपर्यंत काम होणार, असंच सगळ्यांना वाटलं.

विनोदभाऊंनी तिला चहा पाजला. तिच्यावर अन्याय झाला हे त्यांनी दोनदा मान्य केलं, पण त्यांच्या वाडीत ‘पाहुण्यांसाठी’ सहा खोल्या आहेत आणि पाहुणे ऑनलाइन पैसे भरून येतात. सुषमाताईंचे डोळे भरून आले. गॅलरीला काचा बसवून त्यांनी तिथे सुनेचं स्वयंपाकघर केलेलं असल्याने सहीसाठी हात मात्र उचलेना. माजी मास्तर तत्त्वाचे. ते म्हणाले की प्रश्न एका वलांडीचा नाही, व्यवस्थेचा आहे; आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीचं दार त्यांनी हळूच ओढून घेतलं. आमच्या भजनी मंडळाने एकमताने ठरवलं की हंसाबाईसाठी महालक्ष्मीची ओटी भरायची. ओटीला मालमत्ता क्रमांक लागत नाही.

शेवटच्या दारातून निघताना हंसाबाईने एवढंच विचारलं, “बोंबील आहेत हे खरं ना, वैनी?”

“अगं, खरंच आहे,” आतून उत्तर आलं. “सगळ्यांना माहीत आहे.”

विपुलभाईंनी आता नियम पुन्हा वाचला आहे. साक्षीदार आळीतलाच हवा, असं त्यात कुठेही नाही. राज्यात ज्याच्या नावावर घर आहे असा कुणीही चालतो. वलांडी आणि इमारत यांतला फरक कळला म्हणजे झालं. आपण इथवर वाचलंत, मधे कुठेतरी हसलातही, तेव्हा आपल्याला तो कळतो हे उघड आहे. कागद तयार आहे, दोन जागा रिकाम्या आहेत, शुक्रवारला अजून अवकाश आहे. आपला मालमत्ता क्रमांक तेवढा कळवा.

घाई नाही. आधी एकदा आपल्या गॅलरीकडे बघून या.