सारसबाग आणि नवऱ्या मुलाची आजी

सारसबागेचा इतिहास माझ्या तोंडून एकदा ऐकला, की माणूस पुन्हा सारसबागेत जात नाही. गरजच उरत नाही! म्हणूनच माझी पुतणी तनया हिला पाहायला अमरावतीची मंडळी आली, तेव्हा मुलाच्या आजींना, यमुनाबाईंना, बाग दाखवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. होकार-नकार आजींच्या हातात, हे मुलानं आधीच सांगून ठेवलं होतं.

"अहो, इतिहास जरा कमी सांगा," आमची श्यामला म्हणाली, "आणि त्यांना धड परत आणा!"

डिसेंबरची सकाळ होती. पुण्यात पारा जरा उतरला, की आम्ही हिमालयात निघाल्यासारखे नटतो. श्यामलाचा तांबडा स्वेटर आणि पांढरी कानटोपी मी आजींना घालायलाच लावली.

"कायले जी? थंडी तं आमच्याकडे असते!" त्या म्हणाल्या. पण मी ऐकतो कुठला!

बागेत शिरताच माझी गाडी सुटली. "ही हिरवळ म्हणजे पूर्वी तळं होतं बरं का! नानासाहेब पेशव्यांनी करवून घेतलेलं. मधल्या बेटावर हा गणपती. थंडीत त्यालासुद्धा स्वेटर आणि कानटोपी घालतात!" पर्वतीकडे हात करकरून मी सवाई माधवरावांपर्यंत पोचलो, तळं बुजवलं, शेजारच्या पेशवे पार्कातली फुलराणी, म्हणजे मुलांची झुकझुकगाडी, तीही सोडली आणि कौतुक ऐकायला मागे वळलो.

मागे एक कुत्रं बसलं होतं. आजी नव्हत्या!

परका गाव, म्हातारं माणूस, जवळ फोन नाही! आजी सापडल्या नाहीत तर लग्न राहिलं बाजूला, पोलिसांत जावं लागणार. तेवढ्यात श्यामलाचा फोन. "कुठे आहात?"

"माधवरावांपाशी!" म्हणून मी तो कापला आणि पळत सुटलो.

तांबडा स्वेटर, पांढरी टोपी! एवढंच डोळ्यांसमोर ठेवून शोधू लागलो, तर निम्मं पुणं त्याच वेशात फिरायला आलेलं! एका बाकावर नेमका तोच रंग पाठमोरा दिसला. मी खांद्यावर हात ठेवला. "आजी! जिवात जीव आला हो!"

आजींनी वळून पाहिलं. त्यांना पांढऱ्या झुपकेदार मिशा होत्या.

"चष्मा घरी विसरलात की डोळे?" मिशांनी विचारलं.

मी देवळाकडे धावलो. पायऱ्यांवर हिरव्या लुगड्यातली कोणी बाई शेंगा सोलत बसली होती. "अहो बाई, जरा सरका!" म्हणत मी आत गेलो. आत तांबडा स्वेटर नाही. बाहेर आलो, पुन्हा तिला सरकवलं आणि देवळाभोवतीच्या पाण्यात डोकावलो. बुडबुडे! पेशव्यांचं तळं केव्हाच गेलं, आता उरलंय ते गुडघाभर, हे एरवी मीच लोकांना सांगतो. पण त्या क्षणी मला त्यात अख्ख्या आजी बुडालेल्या दिसल्या! "वाचवा!" मी ओरडलो.

बुडबुड्यांतून एक मासा वर आला.

"कायले बोंबलता जी?" मागून आवाज आला. हिरवं लुगडं! वर यमुनाबाईंचा चेहरा! "केव्हाची इथंच बसून हाव. दोनदा तं तुम्हीच मले सरकवलं!"

"पण... स्वेटर?"

"मले उकडत होतं. गणपतीले स्वेटर घातलेला पाहिला. म्हटलं, बदलायले एक असू द्या. पुजाऱ्याजवळ देऊन आली, टोपीसकट."

मला रडू यायचंच बाकी होतं. घरी येईपर्यंत मी इतिहासाचा एक शब्द काढला नाही, पण आता त्या नकार देणार, हीच धास्ती होती.

घरी सगळे आमची वाट पाहत बसले होते. आजींनी बागेतली चुकामूक सांगितली आणि तनयाला जवळ घेतलं. "पोरगी पसंत हाये. एकच अट. सासरी येताना पाठराखणीले या काकाले धाडू नका. पोरगी रस्त्यातच राहीन, अन् हे तिचा शालू घेऊन पोचतीन!"

सगळे पोट धरून हसले. श्यामला मात्र हसत नव्हती. ती माझ्या रिकाम्या हातांकडे पाहत होती.

"आणि माझा स्वेटर?"